चाल वरीलप्रमाणे

शाहिरी लावण्यांच्या जुन्या छापील संग्रहांत कवितेच्या डोक्यावर एक बारीक ओळ असते. 'चाल' असे लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द दिलेले असतात. ते गाणे शोधून काढावे तर त्याच्या डोक्यावर तिसऱ्याच गाण्याचे नाव. कधी नुसतेच 'चाल वरीलप्रमाणे'. संपादकाने ही ओळ लिहिली तेव्हा ते पहिले गाणे वाचकाला येते असे त्याने गृहीत धरले होते, आणि त्यात त्याचे काही चुकले नव्हते. आज ती साखळी उलट दिशेने चालत गेलो तर दोन-तीन कड्यांनंतर हाताला काहीच लागत नाही.

बरीच वर्षे मी ही ओळ वाचलीच नाही. डोळा तिच्यावरून घसरून थेट शब्दांकडे जाई. आणि शब्दांविषयी माझे मत तयार होते. एका व्याख्यानात मी ते बिनदिक्कत मांडलेही होते : पेशवाईतल्या शाहिरांची शृंगारिक लावणी अधूनमधून झगमगते, पण तिच्यात भरताड फार, सख्या, राजसा, साजणा, प्राणविसाव्या ही संबोधने मात्रा भरण्यापुरती येतात, नायिकांची वर्णने एका साच्यातून काढलेली असतात, चौथ्या चौकात नवे काही घडत नाही. हे मत माझ्या एकट्याचे नव्हते. शाळा-कॉलेजात लावणी शिकलेल्या पुष्कळांचे ते आहे. लावणी अश्लील की जिवंत, एवढाच वाद आपण घालत आलो. पण दोन्ही बाजूंनी ती डोळ्यांनीच वाचली. मला माझे मत बदलावे लागले ते एका आडवाटेने, बाराव्या-तेराव्या शतकातल्या फ्रेंच प्रेमगीतांच्या वाटेने. ती वाट इथे सांगतो, कारण तिच्यातून लावणीच्या समीक्षेला एक उपयोगाची गोष्ट मिळते असे मला वाटते.

आजच्या फ्रान्सच्या दक्षिण भागात, ऑक्सितान भाषेत, बाराव्या शतकात त्रुबादूर कवींची परंपरा फुलली. ज्याच्या रचना उपलब्ध आहेत असा त्यांतला पहिला कवी म्हणजे अक्वितेनचा ड्यूक गिल्येम (1071–1126). त्यांच्या पाठोपाठ उत्तरेत, जुन्या फ्रेंच भाषेत, त्रुव्हेर कवी आले. विषय बहुधा एकच : आवाक्याबाहेरच्या स्त्रीवरचे प्रेम, तिची आराधना, तिच्या एका कटाक्षासाठी झुरणे. कवी स्वतःला तिचा सेवक म्हणवतो, जसा सरदार राजाचा. या प्रेमाला ते 'फिन आमोर' म्हणत. 'दरबारी प्रेम' हे आज रूढ असलेले नाव बरेच नंतरचे. 1883 मध्ये गास्तों पारिस या पंडिताने ते वापरले आणि ते चिकटले. या कवींवरही नेमका तोच आरोप झाला जो मी शाहिरांवर केला होता. दर वेळी वसंत ऋतू, दर वेळी पक्षी, दर वेळी तीच निष्ठुर स्त्री. एकाचे काढून दुसऱ्याला लावले तर कळणारही नाही.

या आरोपाला तिथल्या अभ्यासकांनी दिलेले उत्तर साधे आहे : हे काव्य नव्हे, गाणे आहे. त्रुबादूर शब्द रची आणि चालही रची. संकेत ठरलेले असल्यामुळे ऐकणाऱ्याचे लक्ष 'काय सांगितले' याकडून 'कसे वळवले' याकडे जाई. आपल्याकडे ख्यालाच्या बंदिशीत सासू-नणंद आणि पायातले पैंजण शेकडो वेळा येतात, म्हणून कुणी बंदिशीला भरताड म्हणत नाही. मग लावणीलाच ते का म्हणावे?

उत्तर साधे असले तरी पुढची अडचण मोठी आहे. त्रुबादूरांच्या सुमारे 2500 रचना आज उपलब्ध आहेत, पण त्यांतल्या जेमतेम दहाव्या हिश्श्याला चाल मिळते. उत्तरेच्या त्रुव्हेरांचे नशीब अधिक चांगले. त्यांच्या बहुसंख्य गीतांच्या चाली लिहिलेल्या सापडतात. या हस्तलिखितांत एक दृश्य वारंवार दिसते. पहिल्या कडव्याच्या शब्दांवर स्वरलेखनासाठी रेघा आखून ठेवलेल्या असतात आणि त्या कोऱ्याच राहिलेल्या असतात. लेखनिकाने शब्द उतरवले, रेघा ओढल्या, स्वर लिहिणाऱ्यासाठी जागा सोडली. आणि तो आलाच नाही. ती कोरी रेघ पाहिली तेव्हा मला आपल्या संग्रहातली 'चाल' ही ओळ आठवली. दोन्हीकडे चालीसाठी जागा राखलेली आहे.

जिथे स्वर लिहिलेले आहेत तिथेही सगळे हाती आलेले नाही. त्या लेखनात स्वर चढतो की उतरतो ते कळते, पण बहुतेक हस्तलिखितांत तो किती काळ धरायचा ते कळत नाही. सूर आहेत, लय नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी योहान बाप्टिस्ट बेक आणि पिएर ऑब्री या दोघांनी त्यावर तोडगा काढला. त्या काळच्या बहुस्वरी संगीतात तीन-तीन मात्रांचे काही ठरीव लयबंध वापरात होते. तेच या प्रेमगीतांना लावायचे. ही कल्पना आधी कुणाची यावर दोघांत कडाक्याचे भांडण झाले. 1910 मध्ये तलवारबाजी करताना झालेल्या जखमेने ऑब्री वारला. पुढची कित्येक दशके ही गीते त्रिमात्रिक चौकटीत बसवून छापली आणि गायली गेली. मग हेन्ड्रिक व्हान डर वेर्फ यांनी 1972 मधल्या आपल्या पुस्तकात हा साचा नाकारला. त्यांचे म्हणणे असे, की ही गीते बोलण्याच्या ओघाने, शब्दाच्या वजनाप्रमाणे म्हटली जात असावीत आणि एकाच गाण्याची निरनिराळ्या हस्तलिखितांत निरनिराळी चाल मिळते ती लेखनिकांची चूक नसून गायकांची सवय आहे.

इथे माझ्या डोक्यात लावणीविषयी पहिला प्रकाश पडला. फ्रान्समध्ये सूर राहिले आणि लय गेली. आपल्याकडे बरोबर उलट झाले आहे. त्याचे कारण छंदात आहे. ऑक्सितान आणि फ्रेंच कविता अक्षरे मोजते. अक्षर लांब की आखूड हे छंदाच्या हिशेबात येत नाही, म्हणून शब्दांवरून लय काढता येत नाही. शाहिरी लावणी मात्रा मोजते. लघूची एक, गुरूची दोन, आणि त्यांची आवर्तने. माधव जूलियनांनी 'छंदोरचने'त पाच मात्रांचे हर, सहांचे भृंग, सातांचे अग्नी आणि आठांचे पद्म अशी आवर्तनांना नावे दिली. छापील लावणी घेऊन बोटांवर मात्रा मोजत गेलो तर ढोलकी कुठे पडत असेल याचा बराचसा अंदाज लागतो. गाताना लघू अक्षर लांबवायचे, गुरू आखडायचे, ही मोकळीक गायकाला असते. तरीही सांगाडा उभा राहतो. लय शब्दांतच मुरलेली असल्यामुळे कागदावर टिकली. सूर कागदावर कुणी लिहिलाच नाही. शाहिरांच्या बाडांत शब्द आहेत. चाल गळ्यात होती.

मग एके दिवशी मी जुनी कागदपत्रे बाजूला ठेवून एक प्रयोग केला. होनाजी, परशराम आणि प्रभाकर यांच्या ज्या लावण्या मला भरताड वाटल्या होत्या, त्या मोठ्याने, मांडीवर आठाचे आवर्तन धरून म्हटल्या. सूर नव्हता, मी गायक नाही. पण लगेच लक्षात आले की ती संबोधने कुठेही पडलेली नाहीत. बहुतेक वेळा ती ओळीच्या शेवटी, आवर्तन संपण्याच्या किंचित आधी येतात. फडात इथेच झीलकरी आवाज उचलतात, ढोलकीला जागा मिळते, गाणारी श्वास घेते आणि समोरच्याकडे पाहते. छापताना झील गेली, ढोलकी गेली, नजर गेली. मागे राहिले ते 'राजसा'. जिना पाडून कठडा तेवढा ठेवला आणि मग कठडा निरर्थक आहे अशी मी तक्रार करत होतो.

चौथ्या चौकात नवे काही घडत नाही, या आक्षेपाचेही तसेच. लावणीत पालुपद आणि चौक असतात. चौकाची शेवटची ओळ पालुपदाच्या यमकाला येऊन मिळते आणि पालुपद पुन्हा म्हटले जाते. प्रत्येक वेळी शब्द तेच, पण आधीच्या चौकाने त्यांचा अर्थ सरकवलेला असतो. बैठकीच्या लावणीत तर याच्याही पुढची गोष्ट घडते. गाणारी बसल्या जागी एकच ओळ पाच-सात वेळा घेते. एकदा रुसून, एकदा थट्टेने, एकदा थकून. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांची अदाकारी ज्यांनी पाहिली किंवा ध्वनिचित्रफितीवर अनुभवली त्यांना हे सांगायला नको. 2012 मध्ये पद्मश्री मिळालेल्या आणि 2018 मध्ये शंभरी ओलांडून गेलेल्या या बाईंनी एका ओळीचे जे करून दाखवले, ते शाहिराच्या कागदावर नव्हते. म्हणजे 'पुनरावृत्ती' हा शाहिराचा दोष समजून मी ज्याला नावे ठेवत होतो, ती गाणारीसाठी मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा होती.

मी राहतो चंदीगडच्या सेक्टर 30 मध्ये, केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेच्या परिसरापासून जवळ. लावणीविषयी लिहायला ही जागा चमत्कारिक वाटेल. पण या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मला इथेच उलगडला. पहाटे गुरुद्वाऱ्यातून 'आसा दी वार' ऐकू येते. गुरू ग्रंथसाहिबात 22 वारा आहेत. त्यांपैकी नऊ वारांच्या डोक्यावर 'धुनी' दिलेली आहे, म्हणजे ही वार अमुक एका लोकप्रिय वीरगाथेच्या चालीवर म्हणावी अशी सूचना. 'आसा दी वार'च्या डोक्यावर टुंडा अस्राजा या राजाच्या गाथेचे नाव आहे. ही आपली 'चाल'चीच ओळ झाली! पवित्र वाणीच्या डोक्यावर लोकगाथेचे नाव लिहिण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. बाकीची जवळजवळ सगळी वाणी रागवार लावलेली आहे. तिच्यात आपल्या नामदेवांची 61 पदेही आहेत. महाराष्ट्रातल्या गाथ्यात नामदेवांचे अभंग आपण विषयवार लावतो : बालक्रीडा, आत्मसुख, उपदेश. पंजाबात त्यांची पदे रागाच्या घरात राहतात. एकच कवी एका प्रांतात विषयाने ओळखला जातो आणि दुसऱ्या प्रांतात सुराने.

पण इथेही भाबडे होऊन चालणार नाही. टुंडा अस्राजाची गाथा आज पहाटे ऐकणाऱ्यांपैकी कितींच्या ओठांवर आहे? ती चाल टिकली असेल तर डोक्यावरच्या नावाने नव्हे, तर रोज पहाटे कुणीतरी ती गातो म्हणून. आणि रोज गायली जाते म्हणूनच ती बदललीही असणार. साथीची बाजाची पेटी एकोणिसाव्या शतकात आपल्या देशात आली, एवढे आठवले तरी पुरे. म्हणजे चाल राखण्याचे तीन मार्ग दिसतात. स्वर लिहून ठेवणे, दुसऱ्या गाण्याचे नाव लिहून ठेवणे, आणि गात राहणे. पहिल्यात लय निसटते. दुसऱ्यात ते दुसरे गाणे विसरले की सगळेच निसटते. तिसऱ्यात काहीच निसटत नाही, पण काहीच जसेच्या तसे राहतही नाही.

लावणीच्या बाबतीत आपण कोणता मार्ग घेतला? खरे सांगायचे तर चौथा : सिनेमा. 1947 मध्ये 'लोकशाहीर रामजोशी' आला आणि 1951 मध्ये होनाजी-बाळांवरचा 'अमर भूपाळी'. दोन्हींचे संगीत वसंत देसाई यांचे. त्या भूपाळीची चाल आज प्रत्येक मराठी माणसाच्या कानात आहे; सकाळी रेडिओवर ती लागली की 'होनाजीची भूपाळी' असे आपण म्हणतो. शब्द होनाजीचे आहेतच. पण आपल्या कानातला होनाजी बव्हंशी देसाईंनी घडवलेला आहे. होनाजी रची आणि बाळा गाई, ही जोडी म्हणून आपण त्यांचे नाव एकत्र घेतो. त्या बाळाच्या गळ्याची जागा अखेर पार्श्वगायनाने घेतली. मी हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही. देसाईंनी कोऱ्या रेघेवर सुंदर स्वर लिहिले. तक्रार एवढीच, की रेघ कोरी होती हे आपण विसरलो.

युरोपातही हे घडले. थॉमस बिंकली यांच्या म्युनिकमधल्या चमूने गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत या गीतांना मोरोक्कोच्या अंदालुसी संगीताच्या धर्तीवर वाद्यांची दाट साथ दिली; ऐकणारे मोहून गेले. हस्तलिखितांत मात्र एकट्या आवाजाची एकच ओळ असते. ऐंशीच्या दशकात क्रिस्तोफर पेज यांनी मांडले की उच्च शैलीतली प्रेमगीते बहुधा वाद्यांवाचूनच गायली जात असत. तिथे आणि आपल्याकडे फरक इतकाच, की तिथे बिंकलींची चाल बिंकलींची म्हणून ओळखली जाते. तिच्यावर वाद होतो, तिला पर्याय निघतात. आपल्याकडे वाद झाला नाही, कारण चाल हा पुराव्याचा विषय आहे असे समीक्षेला वाटलेच नाही. म. वा. धोंडांचे 'मऱ्हाटी लावणी', गंगाधर मोरजे यांचे 'मराठी लावणी वाङ्मय', अशोक दा. रानडे यांचे लोकसंगीतावरचे लेखन यांनी वाट दाखवून ठेवली आहे. पण वर्गात आणि परीक्षेत लावणी अजून डोळ्यांनीच शिकवली जाते.

आता तुलनेतल्या एका धोक्याविषयी. दरबारी प्रेमगीत आणि लावणी यांना बहिणी ठरवण्याचा मोह होतो, तसे नाही. त्रुबादूराची स्त्री उंच सज्जावर असते आणि बोलत नाही. गातो तो पुरुष. लावणीतली स्त्री समोर असते आणि तीच बोलते. ती मागते, अडवते, टोमणे मारते, हिशेब विचारते. तिकडे इच्छा अपुरी राहण्यात काव्य आहे. इकडे इच्छा उघड बोलून दाखवण्यात. पण एका ठिकाणी दोन्ही रस्ते एकमेकांना छेदतात. तेराव्या शतकाच्या आरंभीचे एक त्रुव्हेर गीत आहे, गियो द दिजों या कवीच्या नावावर सांगितले जाणारे. त्यात बोलते ती स्त्री. तिचा माणूस धर्मयुद्धावर गेला आहे. जाताना अंगातला सदरा त्याने तिच्याकडे पाठवला. रात्री ती तो अंगाशी घेऊन निजते. दर कडव्याच्या शेवटी ती देवाला त्या यात्रेकरूचे रक्षण करायला सांगते. या गीताची चाल उपलब्ध आहे, आणि ती अगदी साधी आहे. कडव्यामागून कडवी त्याच चालीत जातात. म्हणजे भीतीपासून देहाच्या आठवणीपर्यंतचा प्रवास चाल करत नाही, गाणारीने करायचा असतो.

ही आपली बालेघाटी झाली. विरहाची ती संथ लावणी, जिच्यात नवरा मोहिमेवर गेलेला असतो आणि परतीचा सांगावा येत नाही. मी तिला साहित्यिक संकेत समजत होतो. पण अनंत फंदी, राम जोशी, होनाजी यांची पिढी पाहा. त्यांची बालपणे पानिपतच्या, 14 जानेवारी 1761 च्या, अलीकडे-पलीकडे गेली. ती मोठी झाली तेव्हा महादजी शिंद्यांच्या फौजा वर्षानुवर्षे दिल्ली-आग्र्याकडे अडकून पडलेल्या होत्या. घरधनी 'हिंदुस्थानात' गेला आहे, हे वाक्य ऐकणाऱ्यांतल्या कितीतरी बायकांच्या घरातले होते. मी चंदीगडहून दिल्लीच्या गाडीत बसतो तेव्हा अंबाला, कुरुक्षेत्र, कर्नाल, पानिपत अशी स्टेशने येतात. लावणीतली बाई ज्या दिशेकडे पाहत बसली आहे, त्या दिशेच्या टोकाला मी राहतो. तिचा माणूस जिथून परतला नाही, तिथल्या फलाटावर मी चहा पितो. पुण्यात बसून जे 'विरहाचे सांकेतिक वर्णन' होते, ते इथून पाहताना अंतर मोजून सांगितल्यासारखे वाटते.

आणि म्हणूनच शेवटचा प्रश्न टाळता येत नाही : हे गाणे कुणाचे? गियो द दिजोंही पुरुष आणि आपले शाहीरही पुरुष. पेशवाईत तर बाईची भूमिका करून नाचणारा नाच्या पोऱ्या असे. फडावर स्त्रिया पुढच्या काळात आल्या. स्त्रीच्या तोंडी पुरुषाने घातलेली इच्छा ही पुरुषाचीच इच्छा, असे आजची समीक्षा म्हणते, आणि कागदापुरते ते खरे आहे. त्रुबादूरांत सुमारे वीस स्त्री कवींची नावे सांगितली जातात. त्यांपैकी फक्त एकीच्या, दियाच्या काउंटेसच्या, एका गीताची चाल आज मिळते. त्या गीतात ती झुरत नाही. आपल्याशी खोटेपणाने वागलेल्या माणसाला सरळ जाब विचारते. ही चाल ज्या हस्तलिखितात आहे ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातले 'राजाचे गीतपुस्तक'. त्यातली रंगीत चित्राक्षरे पुढे कुणी कुणी कापून नेली. पान दोन्ही बाजूंनी लिहिलेले. त्यामुळे चित्रासाठी कात्री चालवली तिथे पाठीमागचे शब्द आणि स्वरही गेले. त्या बाईची चाल कात्रीतून वाचली हा निव्वळ योगायोग.

आपण लावणीवर अशीच कात्री चालवली आहे. शब्द सुंदर म्हणून ते कापून पाठ्यपुस्तकात लावले; त्यांच्या पाठीवर जे होते ते गेले. आणि ते ज्यांच्याकडे होते त्यांना आपण ज्ञानी मानले नाही. फ्रान्समध्ये सरदारांनी पैसे मोजून चाली लिहवून घेतल्या. महाराष्ट्रात चाली सांभाळल्या त्या कोल्हाटी आणि इतर समाजांतल्या, बैठकीत बसून गाणाऱ्या बायकांनी. त्यांचे गाणे ऐकायला लोक जात, पण त्यांचे नाव घेताना आवाज खाली येई. स्त्रीच्या तोंडी पुरुषाने घातलेली ओळ त्यांनी पाच-सात वेळा वेगवेगळी म्हटली आणि त्या पाच-सातांपैकी एकदा तरी ती त्यांची स्वतःची झाली. हे कागदावर दिसत नाही. ते चालीत आणि अदेत दिसते, आणि म्हणून चाल वगळणाऱ्या समीक्षेला लावणीतला हा मुख्य कर्ताच दिसत नाही.

तेव्हा मागणी मोठी नाही. पुढे कुणी शाहिरी लावण्यांची आवृत्ती काढली तर डोक्यावरची 'चाल'ची ओळ तळटीप समजून गाळू नये. ती सूची म्हणून लावावी. कोणती गाणी एका चालीची, कोणत्या गाण्याचे नाव सर्वांत जास्त वेळा येते, ती साखळी कुठे संगीत नाटकाच्या पदांत शिरते, कुठे कीर्तनात, कुठे पोवाड्यात. किर्लोस्करांनी लावणीच्या चाली रंगभूमीवर नेल्या आणि तिथे त्या गायल्या गेल्या. काही कड्या त्या बाजूने सापडतील. काही बैठकीच्या गायिकांच्या ध्वनिमुद्रणांत सापडतील. ज्या सापडणार नाहीत त्यांच्यापुढे जागा कोरी सोडावी आणि ती कोरी आहे असे सांगावे. एखाद्या संगीतकाराने ती भरली तर त्याचे नाव घालावे.

माझे जुने व्याख्यान कुठे छापले गेले नाही, हे बरे झाले. आता मी ती लावणी पुन्हा काढतो, सेक्टर 30 मधल्या घराच्या गच्चीवर, मांडीवर आठ मात्रा धरून. 'राजसा' येते तिथे थांबतो. तिथे झील हवी होती. खालच्या रस्त्यावर कुणी तरी पंजाबीत कुणाला हाक मारते, आणि मी पुढची ओळ घेतो.